खंडेरीवरचा दिवा काढा म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दीपगृह पर्यटनावरची तुमची बातमी वाचली. बातमी चांगली होती, फोटो तर झकासच, पण त्यावरून आमच्याकडे जी चर्चा चालू आहे त्याबद्दल लिहावंसं वाटलं म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावायची तर लावा, फक्त खंडेरीचा भाग ठेवा ही विनंती.

जुलै 2025 मध्ये महाराजांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आमचा खंडेरी पण आहे. आमचा म्हणजे मी मूळचा थळचा, अलिबागच्या अलीकडचं, आरसीएफवालं थळ, नोकरीमुळे मुंबईला येऊन इथलाच झालो. तर यादीत नाव आल्यापासून एक सूर सारखा कानावर येतोय. लाँचमध्ये ट्रेकिंगवाली पोरं बोलतात, गावच्या कट्ट्यावर बोलतात, नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर विचारूच नका. सूर असा की किल्ला महाराजांचा, मग त्याच्या डोक्यावर इंग्रजांचं लाईटहाऊस कशाला, ते हटवा आणि किल्ला मोकळा करा. भावना समजते हो, पण ही मागणी करणाऱ्यांपैकी किती जणांनी रात्री समुद्रातून तो दिवा बघितलाय हे एकदा विचारायला पाहिजे.

आधी खंडेरी तिथे का आहे ते बघा. मुंबई बंदराच्या तोंडाशी दक्षिणेला, कुलाब्याच्या टोकापासून अंदाजे वीसेक किलोमीटरवर हे बेट. त्याच्या नि किनाऱ्याच्या मधे उंदेरी. मुंबईत शिरणारं जहाज दक्षिणेकडून आलं की खंडेरीच्या नजरेतून सुटत नाही. महाराजांनी हे ओळखलं आणि 1679 च्या पावसाळ्यात, म्हणजे दर्यात जायची कुणाची टाप नसते तेव्हा, मायनाक भंडारींना माणसं देऊन बेटावर पाठवलं आणि तटबंदीचं काम सुरू केलं. मुंबईकर इंग्रजांचं धाबं दणाणलं. त्यांनी जहाजं पाठवली, वेढा घातला, ऑक्टोबरात मोठी झुंज झाली त्यात त्यांचं एक गलबत आपल्या लोकांनी धरलं, आणि शेवटी 1680 च्या सुरुवातीला इंग्रज गप्प बसले. तेवढ्यात सिद्दीने उंदेरीवर ठाण मांडलं ते वेगळंच लचांड. पुढे 1718 मध्ये मुंबईच्या गव्हर्नरने, चार्ल्स बून त्याचं नाव, कान्होजी आंग्रेंच्या ताब्यातल्या खंडेरीवर मोठा हल्ला केला, तोही फसला. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर मात्र बेट त्यांच्या हातात गेलं.

आणि 1867 साली त्याच बेटावर इंग्रजांनी दिवा लावला. म्हणजे मायनाक भंडारी उतरल्याला 188 वर्षं झाल्यावर. कारण काय, तर तेच. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला मुंबईचा रस्ता इथूनच कळतो. जी जागा महाराजांनी नकाशावर बोट ठेवून निवडली ती जगातल्या सगळ्यात मोठ्या आरमाराच्या इंजिनिअरांनाही बदलता आली नाही, त्यांना पण तिथेच यावं लागलं. मला विचाराल तर त्या टेकाडावरचं ते अष्टकोनी दगडी दीपगृह म्हणजे महाराजांच्या नजरेला शत्रूने दिलेली पावतीच आहे, ती फाडून कोण टाकतं? शिवाय आता त्या दीपगृहाला आणि बेटालाही नाव कान्होजी आंग्रेंचंच आहे, हे पण विसरायला नको.

आमच्या थळच्या कोळीवाड्यात ह्या वादाला कुणी फार भाव देत नाही. त्यांच्यासाठी खंडेरी म्हणजे आधी वेताळ, मग दिवा, मग किल्ला. होडी बेटाच्या बाजूने निघाली की हात आपोआप जोडले जातात. बेटावर तो भांड्यासारखा वाजणारा दगड आहे, चाकाच्या लोखंडी गाड्यावर बसवलेल्या तोफा आहेत, पोरं ते सगळं बघतात, रील काढतात. पण पहाटे अंधारात जाळी ओढून परत येणारा तांडेल बघतो तो दिवा. मोबाईलची बॅटरी संपते, जीपीएसच्या डबड्यात पाणी जातं, वायर उंदीर खातात (खरंच खातात, हसू नका), मग मान वर करून तो दिवा किती वेळाने फिरतोय ते मोजायचं. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची लय वेगळी असते, किती सेकंदांनी किती झोत, ते ठरलेलं असतं आणि नकाशावर छापलेलं असतं, त्यावरूनच हा खंडेरीचा की कुलाब्यापुढच्या प्रॉंग्स दीपगृहाचा हे कळतं. आमच्या शेजारच्या जुन्या नाखवांना शाळा माहीत नव्हती पण ह्या लयी तोंडपाठ होत्या.

प्रॉंग्सचं नाव काढलंच तर त्याबद्दलही लिहितो, कारण मुंबईकरांना ते अजिबात माहीत नसतं. कुलाब्याच्या टोकाला जमीन संपते पण खडक संपत नाही, तो पाण्याखालून पुढे समुद्रात गेलाय, काटेचमच्याच्या दातांसारखा, आणि भरतीला पूर्ण झाकला जातो. जहाजाचा काळ म्हणजे हाच. आधी कुलाब्याच्या जमिनीवर एक जुनं दीपगृह होतं, 1770 च्या आसपासचं, पण धोका समुद्रात आणि दिवा जमिनीवर असा तो प्रकार. म्हणून थॉमस ऑर्मिस्टन ह्या इंजिनिअरने खडकावरच मनोरा उभा केला, 1875 मध्ये, 41 मीटर उंच, खर्च आला 6 लाख 20 हजार 255 रुपये. त्या काळातले सहा लाख म्हणजे डोकं गरगरेल. हाच ऑर्मिस्टन प्रिन्सेस डॉकचा पण कर्ता, अपोलो बंदरच्या मागे त्याच्या नावाचा रस्ता आहे, तिथून लोक जेवायला जातात येतात, पण हा माणूस कोण हे कुणाला विचारलं तर हॉटेलचा मालक असेल म्हणतील.

आता जरा कल्पना करा, भर समुद्रातल्या खडकावर बांधकाम करायचं, आणि काम कधी करायचं तर ओहोटीला. उधाणाच्या दिवसांत, अवसेला पुनवेला, मुंबईत दुपारी बाराच्या आसपास भरती आणि संध्याकाळी सहाला ओहोटी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरतं उतरतच नाही. म्हणजे मुकादमाने पंचांग बघूनच मजूर लावायचे. दगड घडवणारे, होडीतून ते नेणारे, कंबरभर पाण्यात उभं राहून बसवणारे हे सगळे आपलेच लोक असणार, पण पाटीवर नाव इंजिनिअरचं, ती तर जगाची रीतच आहे. तो मनोरा दीडशे पावसाळे झाले तरी उभा आहे. आपल्याकडचे पूल किती वर्षं टिकतात त्यावर मी बोलत नाही, पत्राचा विषय तो नाही.

ह्याच कुलाब्याची दुसरी एक गोष्ट आम्हा अलिबागकरांच्या वाट्याला आलीये. कुलाब्याची वेधशाळा 1826 ची, तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तारांमुळे मोजणी बिघडणार हे उघड होतं, म्हणून 1904 साली ते काम अलिबागला हलवलं, आणि ते आजतागायत चालू आहे. जुन्या नोंदी सांभाळून ठेवल्या म्हणून आज जगभरचे शास्त्रज्ञ त्या वापरतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे नोंदींबद्दलच बोलायचंय.

दीपगृह जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं ह्यावर आपल्याकडे कुणी विचारच करत नाही असं मला वाटतं. जपणं म्हणजे रंग मारणे, लॉन लावणे, सेल्फी पॉईंट आणि एक चहाचा स्टॉल. फेब्रुवारी 2024 मध्ये देशभरातली 75 दीपगृहं पर्यटनासाठी तयार केली, लोक जायला लागले, उत्तम झालं, मी स्वतः घरच्यांना घेऊन कोर्लईला गेलो होतो. कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या खाडीच्या पलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी ते दीपगृह आहे, बघायला देतात. वर दिव्याच्या खोलीत गेलो तर चारी बाजूंनी पडदे लावलेले. मला वाटलं साफसफाई चालू असेल. तिथल्या माणसाने सांगितलं, पडदे दिवसभर लावूनच ठेवायचे, नाहीतर सूर्याचा उजेड भिंगातून उलटा आत येतो आणि आतलं काहीतरी जळतं. मग पडदा जरा बाजूला करून भिंग दाखवलं. एकच जाड काच असेल असं आपल्याला वाटतं, तसं नसतं, काचेच्या कंगोऱ्यांच्या कड्या एकात एक बसवलेल्या असतात, प्रत्येक कंगोरा वेगळ्या कोनात घासलेला, आणि सगळ्या मिळून त्या एवढ्याशा बल्बचा उजेड गोळा करून सरळ क्षितिजाकडे फेकतात. पितळेच्या चौकटीत ते सगळं बसवलेलं. माझ्या भाच्याने बोट पुढे केलं तर तो माणूस केवढ्याने ओरडला, "काचेला हात नको, बोटाचा डाग राहतो!" नंतर त्यालाच वाईट वाटलं असावं, मग त्याने पोराला उचलून घेऊन खिडकीतून खाडी दाखवली.

हा ओरडणारा माणूस, ही काच, ते पितळ, आणि टेबलावरची नोंदवही, दीपगृह म्हणजे हे सगळं. नुसता मनोरा म्हणजे रंगवलेली चिमणी. आता सगळीकडे एलईडी येतायत, सोलर येतंय, दिवा आपोआप लागतो आपोआप विझतो. येऊ दे की, माझा विरोध नाही, त्या खडकावर महिनोन्‌महिने माणसं कोंडून ठेवण्यात काय मजा आहे, पावसाळ्यात त्यांना भाजी पोचायची नाही. पण जुनं भिंग उतरवल्यावर ते जातं कुठे? भंगारात? फिरवायची घड्याळासारखी यंत्रं, ज्यांना वजनं लटकवून चावी द्यावी लागायची, ती कुठायत? आणि नोंदवह्या? रोज दिवा किती वाजता लागला, वारा कुठून, धुकं होतं का, कुठलं जहाज अडकलं, हे सगळं दीपगृहावरची माणसं वर्षानुवर्षं लिहीत आली. मुंबईच्या समुद्राचा एवढा मोठा इतिहास कुठल्यातरी कपाटात वाळवीच्या ताटात वाढून ठेवला असेल तर त्यासारखं पाप नाही.

रंगाबद्दल पण एक. प्रॉंग्सच्या मनोऱ्यावर लाल, पांढरे, काळे पट्टे आहेत. ते सजावट नाहीत. दिवसा दिवा दिसत नाही तेव्हा ह्या पट्ट्यांवरूनच जहाजवाला दीपगृह ओळखतो, नकाशाच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. उद्या एखाद्या उत्साही माणसाच्या डोक्यात सुशोभीकरण शिरलं आणि त्याने मनोऱ्यावर मासे, कोळीण आणि सूर्योदय काढायचं ठरवलं तर कृपा करून त्याला कुणीतरी अडवा. भिंती मुंबईत रगड आहेत.

बाहेरच्या देशांत काय करतात ते सांगितलं की लोक म्हणतात तिकडचं सोडा. तरी एक सांगतोच, कारण ते थेट प्रॉंग्सचं भावंड शोभेल असं आहे. फ्रान्समध्ये जिरोंद नदी समुद्राला मिळते तिथे खडकावर कोर्दुआन नावाचं दीपगृह आहे, किनाऱ्यापासून सातेक किलोमीटर आत. काम 1584 ला सुरू झालं, 1611 ला पुरं झालं, म्हणजे महाराजांच्या जन्माच्याही आधी. वर सांगितली तसली कड्याकड्यांची भिंगं जगात पहिल्यांदा बसवली ती इथेच, 1823 मध्ये. तिथेही होडीतून उतरून ओहोटीच्या वेळी चालत जावं लागतं, पाणी चढायच्या आत परत फिरावं लागतं. 2021 मध्ये ते जागतिक वारसा झालं, आणि विशेष म्हणजे तिथे अजून रखवालदार राहतात, दिवा अजून जळतो, आणि लोक तिकीट काढून जातात. म्हणजे चालू दीपगृह, वारसा आणि पर्यटन ही तिन्ही एकत्र नांदू शकतात. दुसरं न्यूयॉर्कचं. हडसन नदीच्या काठावर एक छोटंसं लाल दीपगृह आहे, 1931 मध्ये त्याच्या डोक्यावरच मोठा पूल झाला, दिव्याची गरज संपली, पुढे 1951 च्या सुमारास ते लिलावात काढायचं ठरलं. ते वाचवलं कुणी, तर लहान मुलांनी! त्यांना गोष्टीच्या पुस्तकातून ते माहीत होतं, त्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, आणि शहराने ते ताब्यात घेऊन जपलं. 2002 ला तर पुन्हा दिवा पण लावला. आपल्या पोरांना प्रॉंग्स गोष्टीतून सोडा, भूगोलाच्या पुस्तकातून तरी माहीत आहे का?

आता कुणी म्हणेल की जीपीएसच्या जमान्यात दीपगृहं हवीत कशाला. ठीक. 7 ऑगस्ट 2010 ला एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन मोठी जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली, सकाळच्या उजेडात, रडार असताना, वायरलेस असताना. चित्रा कलंडून प्रॉंग्सच्या जवळच रुतली, कंटेनर समुद्रात, तेल समुद्रात, आणि आमच्या बाजूच्या कोळ्यांची मासळी कितीतरी दिवस कुणी घेईना. नुसत्या दिव्याने अपघात टळतो असं मी म्हणत नाहीये. रामदास बोट 17 जुलै 1947 ला, गटारीच्या दिवशी, काशाच्या खडकाजवळ बुडाली ती पण सकाळीच, सहाशेच्या वर माणसं गेली, दीपगृह काय करणार होतं? बोटीवर वायरलेस नव्हता, मुंबईला कितीतरी तास पत्ता नव्हता. माणसं वाचवली ती रेवसच्या कोळ्यांनी, विकायला चाललेली मासळी पाण्यात फेकून. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं ही गोष्ट सांगताना थांबतात. समुद्रात कुठलीच एक गोष्ट पुरत नाही, एवढंच मला म्हणायचंय. रडार पण हवं, दिवा पण हवा, आणि कोळी पण हवेत. यातलं एक आलं म्हणून दुसरं काढून टाकणारा माणूस लाँचने कधी गेलेला नसतो.

खंडेरीची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती हटवा-हटवाच्या गोंधळात बाजूला पडते. किल्ला राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे, दीपगृहं केंद्राच्या जहाजवाहतूक मंत्रालयाखाली. युनेस्कोच्या निमित्ताने तटबंदीची डागडुजी होईल, झाडं काढतील, माहितीफलक लागतील. त्या फलकावर 1867 चा उल्लेख असेल का? की दीपगृह म्हणजे दुसऱ्या खात्याची भानगड म्हणून फोटोतून पण कापतील? 2021 मध्ये दीपगृहांचा नवा कायदा आला, आधीचा 1927 चा होता, त्या नव्या कायद्यात वारसा दीपगृह जाहीर करायची सोय आहे, शिक्षण, संस्कृती, पर्यटन यासाठी. मग खंडेरी आणि प्रॉंग्स ह्या दोघांपेक्षा लायक नावं मुंबईच्या परिसरात दुसरी कुठली? दोन खात्यांच्या साहेबांनी एकाच होडीतून एकदा बेटावर जावं, पावसाळा संपल्यावर थळहून होडी मिळते, नाखवा मी बघून देतो.

प्रॉंग्सला सगळ्यांना सोडा असं माझं म्हणणं नाही. नेव्ही नगरमधून रस्ता, सुरक्षेचा प्रश्न आहे, शिवाय ओहोटीचा अंदाज चुकला तर माणूस अडकणार. पण वर्षातून एक दिवस, 21 सप्टेंबर हा राष्ट्रीय दीपगृह दिवस असतो, त्या सुमाराला शाळांच्या मुलांना नौकेतून जवळून दाखवायला काय हरकत आहे? सप्टेंबरात समुद्र खवळलेला असेल तर नोव्हेंबरात दाखवा, तारखेचं काय एवढं. आणि उतरवलेली भिंगं, यंत्रं, नोंदवह्या असतील त्या मुंबईतच एका ठिकाणी मांडा, नोंदवह्यांची पानं स्कॅन करून सगळ्यांना वाचायला ठेवा. यासाठी काही हजार कोटींचा प्रकल्प लागत नाही, एक कोरडी खोली आणि दोन वाचणारी माणसं लागतात.

एक विनंती तुमच्या वाचकांनाही आहे. मुंबई, रायगड, रत्नागिरीत अशी बरीच घरं असतील जिथे आजोबा किंवा काका दीपगृहावर नाहीतर दीपगृहाला रसद नेणाऱ्या लाँचवर नोकरीला होते. त्यांचे फोटो, बदलीची कागदं, डायऱ्या, जुना पितळी बिल्ला असलं काही माळ्यावर असेल तर दिवाळीच्या सफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. संपादक साहेब, तुम्ही रविवारच्या पुरवणीत ह्यासाठी अर्धं पान दिलंत तर पहिली मुलाखत थळच्या कोळीवाड्यातली मी मिळवून देतो, फक्त बातमीदाराला म्हणावं ओहोटीच्या वेळेला येऊ नकोस, होडी धक्क्याला लागत नाही.

आपला,
एक थळकर,
सध्या मुक्काम करी रोड, मुंबई